सायकलने कामाला जाताना: कोल्हापुरातील नवशिक्या प्रौढांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी कोल्हापुरातल्याच संभाजीनगर भागातील घरापासून नागाळा पार्कातील कार्यालयापर्यंत सायकलने जाऊ लागले. अंतर सुमारे पाच किलोमीटर आहे. त्याआधी माझी मजल शाळेत असताना भावाच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून अर्धी पायडल मारण्यापर्यंतच गेली होती. कार्यालयातील सहकारी, गल्लीतील शेजारणी आणि नात्यातील मंडळी जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेकांची पहिली शंका पायांतील ताकदीबद्दल असते. माझा अनुभव असा, की पाय महिन्याभरात तयार होतात. खरे लक्ष द्यावे लागते ते रस्त्याच्या निवडीकडे आणि आदल्या रात्रीच्या तयारीकडे.

माझे वय चाळिशीच्या पुढे आहे आणि व्यायामाची सवय नाही. मला हे झेपेल का?

कोल्हापूर महानगरपालिकेचे क्षेत्रफळ 66.82 चौरस किलोमीटर आहे. हे क्षेत्र एक वर्तुळ आहे असे मानले, तर मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर साधारण साडेचार किलोमीटर भरते. याचा अर्थ असा, की शहरात राहून शहरातच नोकरी करणाऱ्या बहुतेकांचे कामाचे ठिकाण चार ते सात किलोमीटरच्या आत असते. नवशिका माणूस सिग्नल, गर्दी आणि चढ धरून ताशी बारा-तेरा किलोमीटरच्या सरासरीने सहज जातो, म्हणजे पाच किलोमीटरला साधारण पंचवीस मिनिटे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला आहे. पाच दिवस जाऊन-येऊन सायकल चालवणाऱ्याचा हा हिशेब वेगळा वेळ न काढता पुरा होतो.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, चक्कर येण्याचा त्रास किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात गुळाचा खडा किंवा साखर ठेवावी आणि उपाशीपोटी निघू नये. इतरांनी पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनच दिवस जावे. पहिल्याच सोमवारपासून रोज जाण्याचा निश्चय करणारे लोक गुरुवारपर्यंत अंग धरून बसतात, हे मी जवळून पाहिले आहे.

मला सायकल मुळीच येत नाही. या वयात शिकता येईल का?

येते, आणि पडण्याचे प्रमाणही वाटते तेवढे नसते. मागून कोणीतरी सीट धरून पळायचे, ही आपल्याकडील जुनी पद्धत प्रौढांसाठी सोयीची नाही, कारण मोठ्या माणसाचे वजन धरून पळणारा थकतो आणि शिकणाऱ्याचे सगळे लक्ष मागे राहते. त्याऐवजी सायकलीची दोन्ही पायडले काढून ठेवावीत आणि दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घ्यावी. मग किंचित उताराच्या, मोकळ्या जागी पायाने ढकलत सायकल पुढे न्यावी आणि हळूहळू पाय उचलून तोल सांभाळावा. नजर पुढे, दहा-पंधरा फुटांवर असावी. चाकाकडे पाहिले की चाक वळतेच. चार-सहा बैठकांत तोल येतो, त्यानंतर पायडले परत बसवावीत. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. दोन्ही पायडले सायकलीच्या पुढच्या दिशेने फिरवली की घट्ट होतात आणि मागच्या दिशेने फिरवली की सुटतात. हे ठाऊक नसताना जोर लावला, तर क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्याला बसते त्याचे, आटे खराब होतात.

जागेसाठी आपल्या पेठेतील मैदान सकाळी सहाच्या सुमारास उत्तम. रंकाळ्याच्या काठावरील पदपथावर शिकू नये. तेथे फिरायला येणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी असते आणि त्यांना धक्का लागण्याची जोखीम आपण घेऊ नये. तोल आल्यावर एका हाताने चालवणे, मान वळवून मागे पाहणे आणि ब्रेक लावून ठरलेल्या रेषेवर थांबणे, या तीन गोष्टी जमेपर्यंत रहदारीत उतरू नये.

सायकल कोणती घ्यावी?

दुकानात गेल्यावर जाड टायरची, पुढे सस्पेन्शन असलेली, भारी दिसणारी सायकल सर्वांत आधी पुढे केली जाते. ती जड असते, तिचे रुंद टायर डांबरी रस्त्यावर ओढ घेतात आणि स्वस्त सस्पेन्शन चढावर आपली ताकद खाते. रोज कामाला जाण्यासाठी मध्यम रुंदीचे टायर, सरळ हँडल, पुढे सस्पेन्शन नसलेला कडक फोर्क (पुढचे चाक धरणारा दुशाखी भाग), मडगार्ड आणि मागे कॅरिअर बसवण्याची सोय असलेली हायब्रिड किंवा सिटी प्रकारची सायकल मला सर्वांत योग्य वाटते. दसरा चौक, लक्ष्मीपुरी, कसबा बावडा एवढ्याच परिघात फिरणाऱ्याला गिअर नसलेली साधी सायकलही पुरते. राजारामपुरीच्या वरच्या गल्ल्या, टेंबलाईवाडी किंवा विद्यापीठाच्या बाजूला जाणाऱ्याने मात्र गिअरची घ्यावी. सात-आठ गिअर पुरेसे असतात. एकवीस आणि चोवीस हे आकडे ऐकायला मोठे वाटतात, पण त्यांतील कितीतरी जोड्या एकसारख्याच असतात.

माप हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. माझी पहिली सायकल दुकानदाराकडे शिल्लक असलेल्या मापाची होती आणि 'सीट खाली घेऊ, होऊन जाईल' असे सांगून ती मला देण्यात आली. सीट खाली गेली, पण हँडल दूरच राहिले, आणि तीन आठवडे मान व मनगटे दुखत राहिली. शेवटी तोटा सोसून मला ती सायकल बदलावी लागली. म्हणून सायकलीवर उभे राहून नळी व आपल्यामध्ये दोन-तीन बोटांचे तरी अंतर राहते का, हे पाहावे आणि बसल्यावर कोपरे किंचित वाकलेल्या स्थितीत हात हँडलपर्यंत पोहोचतात का, हे तपासावे. साडी नेसून किंवा ओढणी घेऊन चालवणार असाल, तर मधली नळी खाली असलेली सायकल, चेनला पूर्ण झाकणारे कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी घेण्याविषयी आग्रही राहावे.

घरात मुलाची जुनी सायकल पडून आहे. ती चालेल का?

माप बसत असेल तर नक्की चालवावी. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल आणि चेन बदलून, चाकांची आउट, म्हणजे डगमग, काढून घेतली, की जुनी सायकलही विश्वासाने चालते. टायरच्या बाजूला बारीक चिरा दिसत असतील, तर वरचे खाच कितीही चांगले असले तरी तो टायर टाकून द्यावा. फ्रेमच्या सांध्यांवर तडा असेल, तर मात्र त्या सायकलीवर पैसे घालू नयेत.

मार्ग कसा ठरवावा?

दुचाकीवरून आपण ज्या रस्त्याने जातो, तोच रस्ता सायकलसाठी चांगला असेल असे गृहीत धरू नये. दुचाकीला वेग हवा असतो म्हणून आपण रुंद रस्ता धरतो. सायकलीला शांतता हवी असते. मी पहिल्या आठवड्यात मिरजकर तिकटी, बिंदू चौक, दसरा चौक अशी सरळ जात असे. बिंदू चौकात अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या परगावच्या गाड्या वाहनतळाकडे वळत असतात. त्या चालकांना रस्ता माहीत नसतो, त्यामुळे ते मध्येच थांबतात आणि अचानक वळतात. शुक्रवारी, रविवारी आणि नवरात्रात ही गर्दी अनेक पटींनी वाढते. पुढे मी मंगळवार पेठेतील आतल्या गल्ल्यांतून जाणे सुरू केले. अंतर अर्ध्या किलोमीटरने वाढले आणि वेळ मात्र तीन मिनिटांनी कमी झाला, कारण थांबणे कमी झाले. शिवाय आतल्या गल्लीत सकाळी दारापुढे सडा घालणारी बाई आपण येताना दिसलो की हात थांबवते, ही सलगी मोठ्या रस्त्यावर मिळत नाही.

मार्ग ठरवण्यासाठी रविवारी सकाळी सातच्या आत एकदा पूर्ण रस्ता सायकलने जाऊन यावे. खड्डे, गतिरोधक, गटाराच्या झाकणांच्या जाळ्या, शाळांची दारे आणि एसटी किंवा केएमटीचे (महापालिकेच्या शहर बसचे) थांबे कोठे आहेत, हे पाहून ठेवावे. जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेला समांतर असतील, तर चाक त्यांत अडकते. त्यानंतर एखाद्या कामाच्या दिवशी त्याच वेळी, पण घाई नसताना, पुन्हा तो रस्ता चालवून पाहावा. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग एकच असला पाहिजे असेही नाही. सकाळी शांत असलेली बाजारपेठेतील गल्ली संध्याकाळी सहाला टेम्पोंनी भरलेली असते.

ताराराणी चौकासारख्या, चहूकडून अवजड वाहने येणाऱ्या चौकात पहिले काही महिने सरळ खाली उतरावे आणि पादचाऱ्याप्रमाणे सायकल हातात धरून रस्ता ओलांडावा. यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. मी आजही गर्दी असेल तर उतरते.

चढावर दम लागतो. काय करावे?

जुने कोल्हापूर पंचगंगेच्या बाजूला सखल आहे आणि शहर पूर्वेकडे व दक्षिणेकडे माळावर चढत गेले आहे. सागरमाळ, टेंबलाई टेकडी ही नावेच तेथील चढाची कल्पना देतात. चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा. चढाच्या मध्यावर पायडलवर सगळा जोर असताना गिअर बदलला, तर चेन कुरकुरते आणि कधी उतरते. पायांचा ठेका तोच ठेवून वेग कमी होऊ द्यावा. दम लागून बोलणे अशक्य होऊ लागले, की आपण क्षमतेबाहेर जोर लावत आहोत असे समजावे आणि खाली उतरून चालावे. दोन महिन्यांनी त्याच चढावर आपण कोठे उतरत होतो, ते झाड किंवा तो खांब आपल्याला आठवतो आणि आपण त्याच्या पुढे गेलेलो असतो.

रहदारीत सायकल नेमकी रस्त्याच्या कोणत्या भागातून चालवावी?

डाव्या बाजूने, पण अगदी कडेच्या मातीतून नव्हे. कडेला खडी, काचा आणि गटाराच्या जाळ्या असतात, आणि आपण कडेला चिकटलो की मागचे वाहन जागा नसतानाही पुढे घुसते. कडेपासून साधारण दोन-तीन फूट आत, सरळ रेषेत चालवावे. थांबलेल्या चारचाकींच्या रांगेजवळून जाताना दार उघडले तरी लागणार नाही एवढे, म्हणजे तीन-चार फूट तरी अंतर सोडावे. रिक्षा, केएमटी आणि वडापच्या, म्हणजे वाटेत प्रवासी भरणाऱ्या खासगी, गाड्या प्रवासी दिसला की कडेला येतात. त्यांच्या डावीकडून पुढे जाण्याचा मोह टाळावा. उजवीकडे वळताना आधी मागे पाहावे, मग हात दाखवावा आणि मगच सरकावे. हा क्रम उलटा झाला तर हात दाखवण्याला काही अर्थ उरत नाही. जवळचा रस्ता म्हणून दुभाजकाच्या चुकीच्या बाजूने शंभर फूटही जाऊ नये. समोरून येणाऱ्याला आपली अपेक्षा नसते, आणि गल्लीतून बाहेर पडणारा तर उलट दिशेलाच पाहत असतो.

कानात इअरफोन घालून सायकल चालवू नये. मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज हा आपला आरसाच असतो.

उसाच्या हंगामात काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?

हा प्रश्न मुंबई-पुण्याचा माणूस विचारणार नाही, पण आपल्याकडे तो सर्वांत गंभीर प्रश्नांपैकी एक आहे. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की पुढचे चार-पाच महिने एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून उसाची वाहतूक चालते. कसबा बावड्याचा रस्ता, कागल आणि फुलेवाडीकडून येणारे रस्ते संध्याकाळी या गाड्यांनी व्यापलेले असतात. चालकाला मागची ट्रॉली दिसत नाही आणि वळताना ती आतल्या बाजूला ओढली जाते. म्हणून वळणावर ट्रॅक्टरच्या आतल्या बाजूस कधीही थांबू नये. तो पूर्ण वळून जाईपर्यंत मागे राहावे. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना ऊस हातभर बाहेर आलेला असतो आणि त्याची टोके सायकलस्वाराच्या खांद्याच्या नि चेहऱ्याच्या उंचीवर असतात.

दुसरा धोका रस्त्यावर पडलेल्या उसाचा. एका डिसेंबरात बावड्याच्या रस्त्याने परतताना अंधार पडत आला होता. समोर डांबरावर आडवी पडलेली उसाची कांडी मला सावलीसारखी दिसली. पुढचे चाक तिच्यावरून निसटले आणि मी डाव्या कोपरावर पडले. मागून येणारा दुचाकीस्वार थांबला, त्याने सायकल उचलून कडेला घेतली, आणि आधी ती कांडी पायाने रस्त्याबाहेर लोटली. गाड्यांखाली चिरडलेला ऊस तर चिकट असला तरी वरून ओल्या साबणासारखा घसरडा असतो. त्यावर ब्रेक लावू नये आणि हँडल वळवू नये. सायकल सरळ जाऊ द्यावी. त्या दिवसापासून मी हंगामात संध्याकाळी तो रस्ता वापरत नाही आणि वापरावा लागलाच, तर पुढचा दिवा जमिनीकडे रोखून ठेवते.

पावसाळ्यात सायकल बंद ठेवावी का?

पूर्ण बंद ठेवण्याची गरज नाही, पण नवशिक्याने पहिला पावसाळा सावधपणेच घ्यावा. शक्य असेल तर सुरुवातच ऑक्टोबरमध्ये करावी. पोलादी रिमवर पाणी पडले की रबरी ब्रेक फार उशिरा लागतात, त्यामुळे थांबण्याचे अंतर दुप्पट धरावे आणि ब्रेक आधीपासून हलकेच दाबून रिम कोरडी करत राहावे. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे आणि ओली पाने यांवर वळू नये. साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहेच, असे धरून चालावे. परीख पुलाखाली जोरदार पावसात पाणी साचते, तेव्हा खोली पाहण्यासाठी चाक घालू नये. अंगावर घेण्यासाठी दोन भागांचा, म्हणजे जाकीट आणि पँट असा रेनकोट चांगला. मोकळी पोंचो वाऱ्याने फुगते आणि चाकात जाण्याची भीती असते. छत्री धरून सायकल चालवणारे लोक आपल्याकडे अजूनही दिसतात. ते कृपया कोणी करू नये.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पातळी 39 च्या जवळ येऊ लागली, की मी सायकल घरीच ठेवते, कारण रस्ते बंद झाल्यावर उरलेल्या रस्त्यांवर सगळ्या शहराची वाहने येतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात तर शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. पुराच्या पाण्यातून सायकल ढकलत नेण्याचे धाडस कोणीही करू नये.

एप्रिल-मे महिन्यांतील वळीव हा वेगळा विषय आहे. दुपारी चारनंतर आभाळ भरून आले आणि वारा सुटला, की निघण्याची घाई करू नये. वळीव बहुतेक वेळा तासाभरात ओसरतो. वाटेत गाठलाच, तर झाडाखाली न थांबता दुकानाच्या किंवा इमारतीच्या आडोशाला थांबावे.

घामाचे आणि कपड्यांचे काय करावे?

आदल्या रात्री एक पिशवी भरून ठेवावी. तीत कामाचे कपडे, छोटा टॉवेल, कंगवा आणि एक रुमाल असावा. हे सकाळी करायचे ठरवले, तर दोनपैकी एका दिवशी गाडीची चावी हातात येते. सकाळी साडेनऊच्या आत पोहोचले आणि शेवटचा अर्धा किलोमीटर सावकाश चालवले, तर उन्हाळा सोडून इतर दिवसांत घाम फारसा येत नाही. पोहोचल्यावर लगेच कपडे बदलू नयेत. दहा मिनिटे पंख्याखाली बसावे, मग ओल्या टॉवेलने अंग पुसून कपडे बदलावेत. पिशवी पाठीवर न घेता कॅरिअरवर बांधली, तर पाठ कोरडी राहते. ओढणी गाठ मारून कमरेला खोचावी, आणि पँटचा उजवा पाय रबर लावून आवळावा.

पायात कोल्हापुरी चपला घालून सायकल चालवू नये, हे मी कोल्हापूरकर असूनही सांगते. चामड्याचा गुळगुळीत तळ पायडलवरून घसरतो, अंगठ्याची पकड जोर लावताना सुटते आणि पावसात भिजलेले चामडे फुगून ताण धरत नाही. रबरी तळाचे बूट घालावेत आणि चपला कार्यालयात ठेवाव्यात.

लोक काय म्हणतील?

म्हणतात. 'काय वो मॅडम, गाडी इकली काय?' हा प्रश्न मला पहिल्या महिन्यात चौकातल्या चहाच्या गाड्यापासून कार्यालयाच्या फाटकापर्यंत ऐकू आला. त्यात खोडीपेक्षा कुतूहल जास्त असते. एकेकाळी उद्यमनगरातील कारखान्यांकडे जाणारा कामगार हँडलला डबा अडकवून सायकलवरच टांग मारत असे, त्यामुळे सायकल ही गरिबीची खूण असा समज आपल्या मनात घट्ट बसला आहे. ज्या वाहनाने या शहराची फाउंड्री आणि लेथ चालवणारी माणसे कामावर पोहोचवली, त्याची लाज वाटून घेण्याचे मला कारण दिसत नाही. बायकांना घरून अधिक विरोध होतो, हे खरे आहे. माझ्या सासूबाईंची काळजी पडण्याची होती. त्यांना एका रविवारी सोबत नेऊन मैदानात चालवून दाखवले, तेव्हा त्यांचा विरोध मावळला.

रस्त्यावरची कुत्री मागे लागली तर?

पळू नये. पायडल मारणे थांबवून वेग कमी करावा, गरज पडल्यास खाली उतरून सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी आणि शांतपणे चालत पुढे जावे. पाठलागाचे कारण नाहीसे झाले, की कुत्री बहुतेक वेळा थांबतात. चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घेण्यासाठी दवाखान्यात जावे.

पंक्चर झाली तर कामाला उशीर होईल ना?

होऊ शकतो, म्हणून पहिले काही महिने दहा-पंधरा मिनिटे आधी निघावे. हवा कमी असलेल्या टायरला पंक्चर लवकर होते. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत, साधारण पावणेदोन इंच रुंदीच्या टायरला 45 ते 60 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक), हवा ठेवावी आणि आठवड्यातून एकदा तपासावी. घरी उभा पंप असणे ही चैन नाही. पेट्रोल पंपावरील यंत्राने सायकलीची ट्यूब क्षणात फुटू शकते, आणि प्रेस्टा प्रकारचा बारीक व्हॉल्व्ह असेल, तर तेथील नळी अडॅप्टरशिवाय बसतही नाही.

सोबत एक ट्यूब, टायर काढण्याचे दोन प्लॅस्टिकचे लिव्हर आणि छोटा पंप ठेवावा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवावे. बाभळीच्या काट्याचे टोक आतच राहिलेले असते आणि ते न काढता घातलेली ट्यूब दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर होते.

परवाना, हेल्मेट आणि दिवे यांचे काय?

साध्या सायकलीला परवाना, नोंदणी किंवा विमा लागत नाही. हेल्मेट घालावेच, ते सायकलीसाठी बनवलेले, हलके आणि हवा खेळणारे असावे, आणि कपाळावर भुवयांच्या दोन बोटे वर यावे. मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा अंधार पडण्याच्या अर्धा तास आधीच लावावा.

यात पैसे खरेच वाचतात का?

माझ्यापुरता हिशेब असा आहे: रोज दहा किलोमीटर, महिन्याला बावीस दिवस, म्हणजे 220 किलोमीटर. लिटरला 45 किलोमीटर जाणाऱ्या दुचाकीला त्यासाठी पाच लिटरच्या आसपास पेट्रोल लागते, म्हणजे बचत महिन्याला पाचशे रुपयांच्या घरात. चांगली सायकल, हेल्मेट, दिवे आणि कुलूप यांचा खर्च भरून निघायला दोन-तीन वर्षे सहज लागतात. केवळ पेट्रोल वाचवण्यासाठी सायकल घेणारा माणूस पहिल्याच दुरुस्तीच्या बिलाला कंटाळतो. ज्यांना सकाळचा अर्धा तास स्वतःसाठी हवा आहे, ते टिकतात.

माझा कारखाना औद्योगिक वसाहतीत आहे. तेवढे अंतर सायकलने जाता येईल का?

गोकुळ शिरगाव किंवा शिरोली हे अंतर सहा महिन्यांच्या सरावानंतर शक्य आहे. प्रश्न महामार्गाचा आहे. राष्ट्रीय महामार्ग 48 वरून नवशिक्याने जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे; शिरोलीसाठी कसबा बावड्यावरून शियेमार्गे जाता येते. कागलची पंचतारांकित वसाहत मात्र वीस किलोमीटरच्या आसपास आहे, आणि रोज इतके जाणे बहुतेकांना जमणार नाही. अशांनी इ-सायकलीचा विचार करावा. मोटार 250 वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर तिला परवाना व नोंदणी लागत नाही. रात्रपाळीवाल्यांनी पहिल्या वर्षी सायकलचा विचार करू नये.

गुडघे दुखू लागले आहेत. सायकल सोडावी का?

आधी सीटची उंची तपासावी. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ झाला पाहिजे. मग पुढचा तळवा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. आपल्याकडे पाय जमिनीवर टेकावेत म्हणून सीट फार खाली ठेवतात आणि त्यामुळे गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. दुसरे कारण जड गिअर हे असते. दोन्ही सुधारूनही आठवड्याभरात दुखणे कमी झाले नाही किंवा गुडघ्याला सूज दिसली, तर सायकल थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

सायकल किती दिवसांनी दुरुस्तीला द्यावी?

नवी सायकल महिन्याभरात एकदा दाखवावीच, कारण नव्या केबल ताणल्या जातात आणि आरे ढिले पडतात. त्यानंतर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, पूर्ण ओव्हरहॉलिंग पुरते. चेनला दर पंधरा दिवसांनी आणि पावसात दर आठवड्याला तेल द्यावे. तेल देऊन झाल्यावर वरचे फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर धूळ चिकटून चेन झिजते.

मी ज्यांच्याकडे सायकल देते, ते मिस्त्री सायकल उलटी करून चाक फिरवतात आणि एकेका आऱ्याला बोटाने छेडत जातात. ढिल्या आऱ्याचा आवाज खाली उतरतो, तेथे त्यांचे बोट थांबते. मग निपलला, म्हणजे आऱ्याच्या टोकाच्या नटाला, पाव आटा, पुन्हा छेडणे, पुन्हा कानोसा. असा मिस्त्री आपल्या भागात कोठे आहे, हे सायकल घेण्याआधीच शोधून ठेवावे, आणि शक्य असेल तर सायकल निवडताना त्यांनाच सोबत न्यावे.